काट्याखालचे पंधरा लिटर

साहित्याची पदवी घेतल्यावर माझं जे पहिलं लिखाण लोकांसमोर आलं, ते दोन शब्दांचं होतं. 'फक्त डिझेल.' पिवळ्या रंगात, एका काळ्या टाकीच्या तोंडाजवळ. ब्रश माझा, टाकी मामांची.

ते माझे मामा नव्हेत. सगळेच त्यांना टाकीमामा म्हणत. खडकाळ, वाळूच्या मुलखात जाणाऱ्या गाड्यांना मोठ्या तेलटाक्या बनवून बसवणं हा त्यांचा धंदा. कंपनीची गाडी ऐंशी लिटर तेल घेऊन निघते. रस्ता असेपर्यंत ते पुरतं. रस्ता संपला की पुरत नाही. मग गाडीवाले मामांकडे येत. उंच केलेल्या, रुंद टायरांच्या, नाकाडावर लोखंडी दांडा लावलेल्या गाड्या. मामा त्या गाड्यांकडे बघत नसत. सरळ सतरंजी टाकून खाली शिरत आणि तिथून बोलत.

मी त्यांच्या वर्कशॉपच्या माळ्यावर भाड्याने राहत होतो. नोकरी शोधत होतो. म्हणजे बहुतेक वेळ खाली उतरून गप्पा मारत होतो. एक दिवस गाडीखालून आवाज आला, "अक्षर बरं आहे का रे तुझं?"

"आहे की."

"मग घे तो ब्रश, साहित्यिक. नुसता बसून माझ्या स्टुलाला भोक पाडू नकोस."

तेव्हापासून मी तिथे साहित्यिक झालो. दुसरीकडे कुठे झालो नाही.

मामा आधी पत्र्याला हात लावत नसत. आधी पुठ्ठा. गाडीच्या पोटात चेसिस, सायलेन्सर, मागचा एक्सल यांच्यामधे जी रिकामी जागा असते, तिच्या मापाची पूर्ण टाकी ते पुठ्ठ्याची करत. चिकटपट्टीने जोडत. ती सुतळीने गाडीखाली टांगत आणि जॅक लावून एकेक चाक वर उचलून बघत, कुठे घासतंय का. घासलं की कात्री. एका टाकीचे तीन-तीन पुठ्ठे होत. भिंतीवर खिळ्यांना असे शंभरेक पुठ्ठे टांगलेले होते. प्रत्येकावर गाडीवाल्याची खूण. 'टकल्या.' 'हसरी बाई.' 'दोनदा परत आलेला.'

मग पत्रा कापायचा, वाकवायचा. आत आडव्या भिंती लावायच्या, त्यांना भोकं ठेवायची. मी विचारलं, भिंती कशाला?

"तेल स्वस्थ बसतं का? ब्रेक दाबला की पुढे पळतं, चढ लागला की मागे. दीडशे लिटर तेल एकदम मागे पळालं ना, की गाडी ड्रायव्हरचं ऐकत नाही. तेलाचं ऐकते."

टाकी वेल्डिंगने शिवून झाली की सायकलच्या पंपाने तिच्यात हवा भरत. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून मामा नाक टेकवून बसत. कुठे फुगा आला तर त्यांचा चेहरा असा होई, की पोरगं नापास झाल्याचं पत्र आलंय. न बोलता ग्राइंडर उचलत. सगळा जोड उडवून पुन्हा घालत. फक्त फुग्यापुरता कधी नाही.

शेवटचं काम काट्याचं. टाकीत एक तरंगता पोकळ गोळा असतो, दांडीच्या टोकाला. तेल कमी होईल तशी दांडी खाली जाते आणि ड्रायव्हरसमोरचा काटा खाली येतो. टाकीची खोली बदलली की दांडी नव्याने वाकवावी लागते. एवढ्या एका कामाच्या वेळी मामा शटर अर्धं ओढत आणि सगळ्यांना चहाला पाठवत.

मी चहाला गेलो नाही तो दिवस मला आठवतो. माळ्यावर होतो. फळ्यांच्या फटीतून खाली दिसत होतं. मामांनी दांडी वाकवली, बसवली. मग कोपऱ्यातल्या डब्यातून मोजून पंधरा लिटर डिझेल टाकीत ओतलं. चावी फिरवली. काटा हलला नाही. शून्यावरच होता. मामांनी समाधानाने मान हलवली आणि हात पुसले.

मी जिन्यावरून खाली आलो. "मामा, काटा चालत नाहीये."

ते दचकले. "चालतोय."

"पण पंधरा लिटर..."

"हळू बोल."

त्यांच्या प्रत्येक टाकीत पंधरा लिटर जास्त मावत होतं. गाडीवाल्याला सांगायचं एकशे ऐंशी, बनवायची एकशे पंच्याण्णवची. खालचे पंधरा लिटर ते स्वतःच्या पदरचे आधीच ओतून ठेवत आणि काटा त्याच्या वर शून्य करत. गाडीवाला पंपावर जाई, बरोबर एकशे ऐंशी लिटर मावत, तो खूश. काटा शून्यावर आला की त्याला वाटे, संपलं. आणि गाडी चालतच राही.

"मग सांगत का नाही त्यांना?"

"सांगितलं की संपले ते पंधरा लिटर. माणूस काटा शून्यावर आल्यावर पुढचे ऐंशी किलोमीटर आपलेच समजायला लागतो. मग मी अजून पंधरा लपवू? कुठवर लपवू?"

मामांनी भिंतीकडे बोट दाखवलं. पुठ्ठ्यांच्या मधोमध एक फोटो होता, ट्रकच्या पायरीवर बसलेल्या दोन तरुणांचा. एक मामा. दुसरा त्यांचा थोरला भाऊ. दोघं मिळून एक ट्रक चालवत होते. त्या दिवशी मामा तापाने घरी होते. थोरला एकटा गेला. तेल संपलं. वाट बघण्याऐवजी तो चालत निघाला.

"पंप बावीस किलोमीटरवर होता," मामा म्हणाले. "तो अठरापर्यंत पोहोचला."

ग्राइंडरची तार गुंडाळता गुंडाळता ते पुढे म्हणाले, "चार किलोमीटर. एक लिटरसुद्धा लागलं नसतं रे."

गाडी ताब्यात देताना मामा प्रत्येकाला एकच वाक्य बोलत. "काट्यावर विश्वास ठेवा." गंभीर चेहऱ्याने. मी शेजारी रंगाचे हात पुसत उभा असे आणि जमिनीकडे बघत असे.

हे गुपित मी दोन वर्षं सांभाळलं.

मामांची लेक ड्रायव्हर होती. आडवाटेची ड्रायव्हर. जमिनीखालचं पाणी, खडक, असलं काही शोधणाऱ्या सर्व्हेअरांना ती गाडीतून घेऊन जाई. वडिलांसारखीच कमी बोले, पण बोलली की लागे. मला कवी म्हणे. मी कविता करत नाही असं सांगितलं, तर म्हणाली, "मग तर अजूनच वाईट."

तिने जुनी गाडी घेतली आणि आणून बापाच्या दारात उभी केली. "बाबा, एकशे ऐंशीची टाकी पाहिजे."

"एवढं लांब जायचंच कशाला?"

"हे तू गिऱ्हाइकाला विचारतोस का?"

"गिऱ्हाईक माझ्या घरी जेवायला नसतं."

"मग मी आज जेवत नाही. आता घे माप."

मामा हसले आणि सतरंजी टाकली. त्या गाडीला पाच पुठ्ठे झाले. मोठी टाकी मागे, एक लहान बाजूला, लहानीतलं तेल मोठीत उतरणार, काटा एकच. जोड असे घातले होते की मी त्यांच्यावरून बोट फिरवून बघितलं. फेस लावला, एकही फुगा नाही. 'फक्त डिझेल' मी तीनदा पुसून लिहिलं. काटा बसवला त्या दिवशी मी एका शाळेत मुलाखतीला गेलो होतो. नोकरी मिळाली नाही.

जायच्या दोन दिवस आधी ती वर्कशॉपच्या बाकावर नकाशा पसरून बसली होती. मामा पत्रा आणायला बाजारात गेले होते. तिने मला हिशेब समजावला. शेवटच्या पंपापासून सर्व्हेच्या मुक्कामापर्यंत जाणं-येणं आणि तिथलं फिरणं मिळून एक हजार किलोमीटर. लिटरला साडेपाच. एकशे ऐंशी लिटरांत नऊशे नव्वद. म्हणून वीस-वीस लिटरचे दोन डबे बरोबर घ्यायचे होते. पण सर्व्हेअरांची यंत्राची पेटी मोठी निघाली. डबे आत मावत नव्हते, आणि छपरावर वजन चढवायला बापाची सक्त मनाई.

"एक फेरी रद्द करावी लागेल त्यांना," ती म्हणाली. "नाहीतर दुसरी गाडी बघतील. पहिलंच मोठं काम आहे माझं."

तिने पेन्सिल खाली ठेवली. मी तिला कधी पेन्सिल खाली ठेवताना बघितलं नव्हतं.

मला तिच्यासमोर काहीतरी मोठं सांगायचं होतं. दोन वर्षं मी तिच्यासमोर काहीच मोठं सांगितलं नव्हतं. खरं कारण एवढंच आहे. बाकी जी कारणं मी नंतर स्वतःला दिली, ती नंतरची.

मी सांगितलं. शून्याखाली पंधरा लिटर असतात. प्रत्येक टाकीत.

ती हसायला लागली. "बाबा? आमचा बाबा? लोकांना फसवतो?" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पेन्सिल उचलली. पंधरा लिटर, ब्याऐंशी किलोमीटर. "झालं की रे काम, कवी!"

दोन सर्व्हेअरांना घेऊन ती निघाली त्या सकाळी मामा खिडकीपाशी गेले. "काट्यावर विश्वास ठेव," ते म्हणाले. त्याच गंभीर चेहऱ्याने.

"ठेवते की," ती म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून डोळा मारला.

तो डोळा मला पाच दिवस पुरला.

सहाव्या दिवशी दुपारी मामांनी दाराआडचं पोतं उचललं. खाली दोन डबे होते, भरलेले.

"हे इथे कसे?"

"मावत नव्हते बहुतेक," मी म्हणालो. आवाज सहज ठेवला. "पण खालचे पंधरा आहेतच ना, मामा."

"कुठले पंधरा?"

"काट्याखालचे."

मामा डब्यावर बसले. "त्या गाडीत नाहीत," ते म्हणाले. "तिचा काटा मी खरा ठेवलाय."

मला शब्द कळले. त्यांचा अर्थ पोहोचायला वेळ लागला.

"तिची आई दवाखान्यात होती," मामा सांगत होते, माझ्याकडे न बघता. "हिची परीक्षा चाललेली. मी रोज सांगायचो, बरी आहे, उद्या सोडतील. शेवटचा पेपर देऊन आली, तेव्हा घरात माणसं जमलेली. पोरगी वर्षभर बोलली नाही माझ्याशी. बोलली तेव्हा म्हणाली, बाबा, परत कधी माझ्या भल्यासाठी खोटं बोलू नकोस. म्हणून एकशे ऐंशी म्हणजे एकशे ऐंशीच केली. ती एकच टाकी." त्यांनी डब्यावर हात मारला. "ती डबे विसरणारी नाही. मग हे राहिले कसे?"

तेव्हा मी सांगितलं.

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त उठले. "तो डबा घे," म्हणाले. "हा मी घेतो."

मामांच्या स्वतःच्या जुन्या पिकअपचा काटा पाच वर्षं बंद आहे. ते टाकीत खुणा केलेली काठी बुडवून बघतात. त्या दिवशीही बुडवली, पुसली, काठी सीटमागे टाकली. आम्ही निघालो. दोनशे किलोमीटर डांबरी रस्ता. एवढ्या वेळात ते तीनदा बोलले. एकदा, "तुझ्या बाजूची काच वर घे." एकदा, "तुला वाटलं असेल, तिचं भलं होईल." मी हो म्हणालो. थोड्या वेळाने, "मलाही दर वेळी तेच वाटतं."

संध्याकाळी शेवटच्या पंपावर पोहोचलो. पंपवाला म्हणाला, तिची गाडी उद्या दुपारी यायची आहे. अजून आली नाही. पुढे रात्री वाट दिसत नाही, म्हणून थांबलो. मी पिकअपमधे पडून राहिलो. मामा पंपाच्या कट्ट्यावर त्या वाटेकडे तोंड करून बसले होते. उजाडलं तेव्हाही तसेच बसलेले होते.

पहिल्या उजेडात आत शिरलो. वाट म्हणजे दगडांतून गेलेले दोन चाकांचे पट्टे. मामा चालवत होते आणि मी पायी येणारं माणूस शोधत होतो. प्रत्येक खडक मला माणूस दिसत होता. अठराव्या किलोमीटरला मामांनी गाडीचा वेग कमी केला. कारण काही नव्हतं. मग पुन्हा वाढवला.

एकतिसाव्या किलोमीटरला गाडी दिसली. बॉनेट उघडं. गाडीच्या सावलीत तीन माणसं बसलेली. मी तीनदा मोजली.

ती उठून उभी राहिली. ओठ फुटले होते, पण उभी होती ती कमरेवर हात ठेवूनच. काम लवकर आटोपलं म्हणून ते एक दिवस आधी निघाले होते. काल संध्याकाळी काटा शून्यावर आला. ती शांतपणे चालवत राहिली. तीन किलोमीटरांवर गाडी बंद पडली.

मागे एक तरुण सर्व्हेअर नुसत्या मोज्यांत बसला होता.

"यांचे बूट कुठे गेले?" मी विचारलं.

"माझ्या हत्यारांच्या पेटीत," ती म्हणाली. "कुलूप लावून. रात्री म्हणायला लागला, मी चालत जाऊन मदत आणतो. मी म्हटलं, आमच्याकडे एक जण गेलाय तसा."

"बाई, आता तरी द्या बूट," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. मग ती हसली, मग सगळेच.

मामा डब्यातलं तेल टाकीत ओतून गाडीखाली शिरले होते. डिझेलची गाडी कोरडी पडली की नुसतं तेल ओतून भागत नाही. नळ्यांत शिरलेली हवा काढावी लागते. ते एकेक नट सैल करत होते, हातपंप दाबत होते, फेसाळ तेल थेंब थेंब बाहेर येत होतं. ती त्यांच्या पायांशी उकिडवी बसली.

"बाबा. काटा खरा होता?"

गाडीखालून, "हो."

"माझ्यासाठी?"

"हो."

ती त्यांच्या चपलांकडे बघत होती. "एकदा खरं बोललास," ती म्हणाली, "आणि मी विश्वास नाही ठेवला."

पंप दाबायचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. फेस जाऊन सलग तेल आलं तेव्हा मामांनी नट आवळला आणि हाक दिली, "मार स्टार्टर."

माझ्याशी ती परत येईपर्यंत बोलली नाही. वर्कशॉपच्या दारात उतरल्यावर म्हणाली, "कवी, दुसऱ्याचं गुपित सांगताना एवढं छान सांगू नये." मी मान खाली घातली. ती म्हणाली, "रंग आण. टाकीवरचं तुझं 'डिझेल' दगडांनी अर्धं खरवडलंय."

आठवड्याने तिने गाडी पुन्हा आणली. "काटा बघ एकदा, बाबा."

"काय बघू? बरोबर आहे."

"मला माहीत आहे बरोबर आहे. तरी बघ." ती बापाच्या समोर उभी होती. "तुला जे योग्य वाटेल ते कर. पंधरा ठेव, वीस ठेव, काही ठेवू नकोस. मला सांगू नकोस. मी डबे घेऊन जाईन आणि काट्यावर विश्वास ठेवीन. दोन्ही."

"खोटं चालत नाही ना तुला?"

"हे खोटं नाही. मीच म्हणतेय ना, सांगू नकोस."

इतकी वर्षं मामा हे काम गिऱ्हाइकाच्या पाठीमागे करत आले होते. समोर उभं राहून कोणी हे मागितलं नव्हतं. त्यांनी हात फडक्याला पुसले. ते आधीच कोरडे होते.

मग त्यांनी शटरला हात घातला. ती स्वतःहून बाहेर गेली आणि कठड्यावर बसली. मामांनी माझ्याकडे बघितलं. जा म्हणाले नाहीत. माळ्याच्या फळ्यांत फट अजून तशीच आहे, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मी रंगाचा डबा खाली ठेवला आणि बाहेर जाऊन तिच्या शेजारी बसलो. आतून पक्कडीचा आवाज येत होता. मग तेल ओतल्यासारखा आवाज आला, किंवा नुसतं पाणी असेल, हात धुतल्याचं. ती अर्ध्या शटरखालून दिसणाऱ्या टायरकडे बघत होती. मीही टायरकडेच बघत होतो.

शटर वर गेलं. मामा तिच्या हातात चावी देताना काही बोलतील म्हणून मी थांबलो होतो. ते म्हणाले, "डबे मागच्या बाजूला आडवे ठेव. उभे ठेवलेस तर खडखडतात."